त्याच्या वाटचं दचकणं

त्या घराला दाराची घंटा नव्हती. पूर्वी कधीतरी होती म्हणतात, पण पणजोबांनी ती स्वतःच्या हातांनी उपटून परसात पुरली, आणि पुरताना वाजू नये म्हणून तिच्या तोंडात बोळा कोंबला. त्या घरात शिंक आली तर माणूस आधी हात वर करी, "शिंकतोय हं" म्हणे, आणि सगळे सावध झाले की मग शिंके. तोवर शिंक थांबायची का? थांबायची. तिलाही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना "आले, मी आले" असं गुणगुणत जायचं. घरातलं मांजरसुद्धा उडी मारण्याआधी घसा खाकरायचं. मांजराचं एक सोडून द्या हवं तर, पण माणसांचं सांगतो ते अक्षरन्‌अक्षर खरं आहे, कारण त्या सावधपणामागे मरण उभं होतं.

घराण्याचा रोगच तसा. काळीज एरवी ठणठणीत. जिने चढा, ओझी उचला, काही होत नसे. पण माणूस अचानक दचकला की ठोक्यांची लय विस्कटायची आणि कधीकधी ती जागेवर परत यायचीच नाही. आजोबा गेले ते कचेरीतल्या एका गमत्याने त्यांच्या कानामागे कागदी पिशवी फोडली म्हणून. चुलत आजोबांच्या वाढदिवसाला इष्टमित्र सोफ्यामागे लपून बसले आणि ते आत येताच सगळे एकदम ओरडून उठले. एवढी माया करणारी माणसं होती, त्या मायेनेच गेले बिचारे. गोळ्या होत्या, सगळे घेतही. गोळ्यांनी धोका कमी व्हायचा, संपायचा नाही.

धंदाही त्यातूनच आलेला. आवाज बंद करून देण्याचा. कुणाचं दार आपटतंय, कुणाची खुर्ची फरशीवर किंचाळतेय, कुणाच्या दुकानाचं शटर धाडकन पडतंय, की बोलवा यांना. लोकरीच्या जाड पट्ट्या, रबराच्या चकत्या आणि वंगणाची नळी घेऊन बाप आणि लेक हजर. बापाचं म्हणणं असं, की जगातलं एकेक दार गप्प करत गेलं तर कधीतरी सगळं जग राहण्यालायक होईल.

लेकीचं नाव आत्याने लहानपणी 'चाहूल' ठेवलं आणि तेच चिकटलं. ही रांगायची तीसुद्धा तोंडाने आधी वर्दी देऊन. तिचा धाकटा भाऊ मात्र वारा प्यालेला. त्याला शर्यतीत उभं करू नका असं शाळेला बजावून सांगितलं होतं. कुणीतरी विसरलं. पिस्तुलाचा बार झाला, बाकीची पोरं धावली आणि हा रेघेवरच खाली बसला. चाहूल दोरीपलीकडे कान घट्ट दाबून उभी होती. तिला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय.

अशा मुलीशी लग्न कुणी करावं? तर लिलाववाल्याने. त्याच्या आवाजाने म्हणे समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरत. बापलेक लिलावघराचं मोठं दार गप्प करायला गेले, तेव्हा कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की या पोरीसमोर ओरडू नकोस, मरेल. त्या दिवशी त्याने सगळा लिलाव कुजबुजत केला. लोकांना वाटलं यात काहीतरी गुपित आहे, आणि पाय मोडलेलं एक कपाट दुप्पट भावाला गेलं. पुढे तो रोजच कुजबुजायला लागला.

तर ही दोघं आता डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं आणि तिचं एक चाक आडवं चालत होतं. ते कुठे आदळेल याच्याकडे चाहूलचा अर्धा जीव. उरलेला अर्धा डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे.

मूल व्हावं म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भांपैकी एकच तगला होता, तो तिथेच गोठवून ठेवला होता. बाकीचे काचेच्या बशीतच विरून गेले होते, आणि चाहूलच्या तब्येतीला पुन्हा तो सगळा खटाटोप सोसला नसता. त्या एकात घराण्याचा दोष उतरला होता.

"एवढ्या लांबलचक मजकुरात एक अक्षर चुकलंय असं समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आपण बदलू शकतो. इथे त्याला परवानगी आहे. अशी मुलं जन्मली आहेत, चांगली आहेत. पण सगळ्यात मोठं मूलसुद्धा अजून दुधाच्या दातांचं आहे, त्यामुळे म्हातारपणी काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"बदललं म्हणजे कुणाचं बदललं?" चाहूलने विचारलं.

"बाळाचं. मग बाळाच्या बाळांचं. पुढे सगळ्यांचं."

"त्यांना विचारायचं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "नाही विचारता येत. पण हा दोष देतानाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच म्हणू शकते."

चाहूलला हे उत्तर पटलं आणि पटलं म्हणूनच ती खुर्चीला खिळून राहिली. खोटं बोलणारी बाई असती तर उठून जाता आलं असतं.

"आणखी एक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही पालक दुसरं कामही सांगतात. दचकण्याचंच. ते जवळजवळ काढून टाकता येतं. म्हणजे समजा, हृदयाचं काम थोडं कच्चं राहिलं, तरी त्याला धक्का द्यायला दचकणंच शिल्लक नाही."

"दुहेरी कुलूप!" लिलाववाला म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज कुजबुजीच्या वर गेला, आणि लगेच त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

घरी स्वयंपाकघरात चर्चा बसली. टेबलावर जाड कापड, कपांखाली कापड, चमचे लाकडी. भांडायचं तरी कसं? त्या घरात भांडण म्हणजे चौघं डोकी जवळ आणून फिसफिसणार, लांबून बघणाऱ्याला वाटावं चोरीचा बेत चाललाय.

"काहीच करू नका," बाबा म्हणाले. "आपण कसेबसे का होईना, जगलोच ना?"

"जगलो?" आत्याने मान झटकली. "अरे, लपलो आपण! मला एकदा पावसात वीज कडाडताना खिडकीत उभं राहायचंय. एकदाच. माझ्यासाठी हे कुणी केलं असतं ना, तर मी त्या डॉक्टरणीच्या दारात ढोल बडवला असता."

"आणि नंतर काही निघालं म्हणजे? नातवाच्या नातवाला काही झालं, तर तो कुणाला विचारणार? दार बिघडलं तर मी परत जाऊन स्क्रू ढिला करतो. इथे परत जायची सोय आहे का?"

"तुझा नातवाचा नातू व्हायला आधी नातू जगायला नको? जावईबापू, तुम्ही बोला. कपाटं विकताना बरं तोंड चालतं."

लिलाववाला कपाकडे बघत म्हणाला, "मला दोन्ही कामं हवीत. मी रोज झोपताना हिचा श्वास ऐकत पडतो, आत्या. तेच बाळाचंही करायचं, आयुष्यभर? मला नाही जमणार. दचकून कुणाचं काय भलं झालंय? काढून टाका म्हणावं मुळापासून."

सगळे चाहूलकडे बघायला लागले. डोळे मिटले की तिला रेघेवर बसलेला मुलगा दिसायचा, आणि आता त्याचा चेहरा भावाचा राहिला नव्हता.

"मला दोन्ही कामं झालेलं मूल बघायचंय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तशा एका मुलाच्या आईला विचारलं, आई चक्क हो म्हणाली, आणि एका दुपारी ही दोघं तिच्या घरी गेली. तळमजल्यावरचं घर. दार थेट गल्लीत उघडणारं. आत शिरताच चाहूलच्या लक्षात आलं, की हे घर आपल्या घराच्या अगदी उलट आहे आणि तरी तसंच आहे. तिच्याकडे सगळ्याला लोकर, इथे सगळ्याला जाळी. खिडकीला जाळी, शेगडीभोवती जाळी, दाराला आतून उंचावर कडी. सुऱ्या वरच्या फळीवर कुलपात.

मुलगा चार-पाच वर्षांचा. गोरापान, गुबगुबीत, हसरा. त्याच्या आईचं वय मात्र सांगता येईना. डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना तिची एक नजर सतत पोरावर.

"तुमचं माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून आधीच सांगते, मी आता हे झाकण खाली टाकणार आहे. तयार?"

चाहूलने खुर्ची घट्ट धरून मान हलवली. पातेल्याचं मोठं झाकण मुलाच्या पाठीमागे फरशीवर पडलं. सांगितलेलं असूनही चाहूलच्या अंगावर सरसरून काटा आला. लिलाववाला तर उडालाच. मुलाने शांतपणे मान वळवली. "झाकण पडलं," तो म्हणाला, आणि पुन्हा ठोकळे रचायला लागला.

"बघ!" लिलाववाल्याचे डोळे चमकले. "बघितलंस? किती छान!"

"छान आहे," मुलाची आई म्हणाली. "इंजेक्शनला रडत नाही. अंधाराला भीत नाही. पाहुणे तर म्हणतात, मूल असावं तर असं." मग तिने आवाज खाली आणला. "परवा मी जाळी जरा बाजूला केली, तेवढ्यात शेगडीवर हात ठेवला. भाजल्यावर काढला, पण दचकून नाही काढला. 'गरम आहे' असं आधी म्हणाला, मग काढला. त्या म्हणण्यापुरतं कातडं गेलं."

"मोठा झाला की कळेल त्याला," लिलाववाला म्हणाला.

"कळतं की आत्ताही! हुशार आहे. सगळं कळतं त्याला. कळायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच उशीर होतो, बास. त्याच्या वाटचं दचकणं आता मी दचकते. माझं आणि त्याचं मिळून. परवा मला विचारतो, 'आई, तू अशी का करतेस?' काय सांगणार? त्याला खरंच ठाऊक नाही मी काय करतेय ते. आंधळ्याला रंग..."

वाक्य पुरं झालं नाही. बोलता बोलता तिची नजर चाहूलकडे वळली होती आणि तेवढ्यात पोराने स्टूल ओढून कडी काढली होती. दार उघडलं. गल्लीतून सामानाची एक गाडी मागे मागे येत होती. मुलगा उंबऱ्याबाहेर दोन पावलं जाऊन तिच्या मागच्या दिव्यांकडे कौतुकाने बघत उभा राहिला. चाहूल त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत पोचली, तेवढ्यात ड्रायव्हरला आरशात काहीतरी दिसलं असावं. त्याने हॉर्नवर हात दाबला.

ती वर्दी न देता आलेली किंकाळी होती. चाहूलच्या छातीत कुणीतरी मूठभर वाटाणे फरशीवर ओतावेत तसे ठोके विखुरले. गल्ली कडेने काळी पडायला लागली. त्या उरलेल्या उजेडाच्या भोकातून तिला मुलगा दिसत होता. हॉर्न त्याने ऐकला होता. त्याने वळून आईला सांगितलंसुद्धा, "हॉर्न वाजला." आणि तिथेच उभा राहिला. गाडीचं मागचं चाक त्याच्याकडे येत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर हॉर्न ऐकल्याचा आनंद तसाच होता.

आईने झेप घेऊन त्याला दंडाला धरून ओढलं. गाडी गचकन थांबली. ड्रायव्हर खाली उतरून, छातीवर हात ठेवून, तोंडाला येईल ते बोलायला लागला.

चाहूल उंबऱ्यावर कोसळली होती. लिलाववाला तिच्या तोंडाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा तिचं नाव कुजबुजत होता. ओरडावं तर ती मरेल आणि न ओरडावं तर तिला ऐकू जाणार नाही, अशा कात्रीत सापडलेला तो गडगडाटी माणूस, त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मग हळूहळू वाटाणे एकेक करून वाटीत परत आले. एक. एक. एक. तिने डोळे उघडले तेव्हा मुलगा आईच्या काखेत लोंबकळत तिच्याकडे बघत होता.

"ही बाई का झोपली?" त्याने विचारलं.

परत आल्यावर घराच्या जिन्यापाशी दोघं थांबली. वर बाबा आणि आत्या वाट बघत होते, त्यांच्यासमोर हे बोलण्यासारखं नव्हतं.

"हृदयाचं तेवढं करू," चाहूल म्हणाली. "दुसरं नको."

"तुला आज काय झालं होतं माहीत आहे? तू गेली होतीस. माझ्या हातात गेली होतीस! बाळालाही तसंच व्हावं?"

"पहिलं काम नीट झालं तर होणार नाही."

"आणि कच्चं राहिलं तर?"

"तर तो दचकेल आणि..."

"बोल. पुढे बोल ना."

तिने कठड्याला घट्ट धरलं. "मला माहीत नाही रे. मी काही शहाणी नाही. पण दोष काढायचा म्हणजे त्याच्या अंगातून काय काढायचं, हे कुठेतरी थांबायला हवं की नको? आज आपल्याला भीती वाटते म्हणून त्याची भीती काढली. उद्या आपल्याला रडणं सहन होत नाही म्हणून कुणी रडणं काढेल. तो माणूस कुणासाठी बनवतोय आपण, त्याच्यासाठी की आपल्या झोपेसाठी?"

लिलाववाला म्हणाला, "माझ्या झोपेसाठी. मी कधी नाही म्हटलं?" आणि पायरीवर बसून रडायला लागला, तेही आवाज न करता.

तिला निर्णय पटला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. दोन भीतींपैकी एक ओळखीची होती, तिने तिचा हात धरला, इतकंच. पुढचे सगळे महिने ती पोटावर हात ठेवून विचार करायची, की मी तुझ्या आत एक अक्षर बदललंय, तुला न विचारता. आणि दुसरं बदललं नाही, तेही तुला न विचारताच.

मुलगा झाला. रंगाने लालभडक, नाकाने थेट आत्या. आत्या म्हणाली, "दोष काढलात, मग नाक का ठेवलंत?"

हसणं तिथेच संपलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई आल्या त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि डॉक्टर बसतात तेव्हा काय असतं ते या घराला चांगलं ठाऊक होतं.

"अक्षर बदललंय. पण सगळ्याच पेशींत बदललंय की काही जुन्या राहिल्यात, ते रक्तावरून कळत नाही. हृदयात काय आहे ते हृदयच सांगेल. त्याचा आलेख सुंदर आहे, पण शांत असताना तुमच्या घरात सगळ्यांचाच सुंदर असतो."

"मग?"

"मग त्याला दचकवून बघावं लागेल. इथे, यंत्र लावून, मी शेजारी उभी असताना. लय बिघडली तर मी ती परत आणू शकेन. बहुतेक."

"बहुतेक," बाबा म्हणाले.

"आणि नाही बघितलं तर?" चाहूलने विचारलं.

"तर गोळ्या द्या. आणि न्या त्याला घरी, लोकर लावलेल्या दारांच्या घरात. कदाचित उगाचच. कदाचित तो अगदी निरोगी असेल आणि तरी जन्मभर तुमच्यासारखा दबकत राहील."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आत्याने तोंडात पदराचा बोळा कोंबला. लिलाववाला पुढे झाला. "मी वाजवतो टाळी. माझी टाळी मोठी आहे."

"तुम्ही वाजवलीत तर या दचकतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खरंच होतं, आणि बाळाला सोडून बाहेर जायला चाहूल तयार नव्हती. त्या खोलीत टाळी कुणीही वाजवली तरी एकाऐवजी दोन काळजांचा प्रश्न होता. माणूस फक्त स्वतःच्या टाळीला दचकत नाही. हे चाहूलच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं ते सुटता सुटेना.

बाबा आणि आत्या कानांत कापूस घालून कॉरिडॉरच्या टोकाला गेले. बाळ पाठीवर निजलं होतं. त्याच्या छातीवर चिकटवलेल्या तारा यंत्रात गेल्या होत्या आणि पडद्यावर हिरवी रेघ ठुमकत चालली होती. डॉक्टरीणबाईंचा एक हात दुसऱ्या यंत्रावर तयार. लिलाववाला भिंतीला पाठ टेकून उभा, डोळे उघडेच.

चाहूलने हात वर केले. तिने जन्मात कधी टाळी वाजवली नव्हती. पहिल्यांदा तळवे नुसते घासले गेले, फस्स झालं. बाळाने जांभई दिली.

"जोरात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिला वाटलं, अजूनही हात खाली घेता येतील. त्याला उचलावं, लोकरीत गुंडाळावं आणि न्यावं. याला मी काय काय केलं आणि याने अजून डोळेही धड उघडले नाहीत.

तिने टाळी वाजवली.

बाळाचे दोन्ही हात फाटकन बाजूला उडाले, बोटं फाकली, जणू उंचावरून कुणी सोडून दिलं होतं. तोंड उघडलं, त्यातून आवाज नाही. रेघ एकदम गच्च झाली, ठोके एकमेकांच्या अंगावर चढले. लिलाववाल्याच्या तोंडून 'ए' एवढंच निघालं. डॉक्टरीणबाईंचा हात खाली आला आणि मध्येच थांबला. रेघ पळत होती. पळत होती, पण ओळीत पळत होती. मग थोडी सैल झाली. आणखी थोडी.

"हेच," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "हेच हवं होतं."

तेव्हा कुठे बाळाला आवाज फुटला. तो असा रडला, की कॉरिडॉरच्या टोकाला कापसातूनही ऐकू गेलं. चेहरा चुरगळलेला, हनुवटी थरथरतेय, आयुष्यातली पहिली भीती सगळ्या अंगभर. चाहूल त्याच्यावर वाकली. त्याला उचलायला ती धजेना. आपणच केलं हे, तिच्या मनात आलं, आणि याला ते कळलं असणार.

बाळाने मान वळवली. उघड्या तोंडाने हवेत शोधत, मुठी आपटत, ज्या हातांनी त्याला घाबरवलं होतं त्याच हातांत शिरायला ते धडपडत होतं. दुसरे हात त्याला अजून माहीतच नव्हते.